आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी: मुंबईत नव्याने उपासनेला लागलेल्यांसाठी

नुकतीच माळ घातलेली माणसं, विपश्यनेचे दहा दिवस करून आलेली, बैठकीला जायला लागलेली, एखाद्या चर्चमध्ये किंवा बुद्धविहारात बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागेल असं काही मिळालेली. या सगळ्यांना थोड्याच दिवसांत एक ओढ लागते: हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे. ओढ चांगली आहे. जे आपल्याला मिळालं ते जवळच्या माणसालाही मिळावं असं वाटणं यात गैर काहीच नाही. तरीही मैत्री तुटते ती बहुतेक इथेच, आणि ज्याच्याबद्दल प्रेमाने सांगायला गेलो त्या देवाचं नावसुद्धा समोरच्याला नकोसं होतं.

मी वारकरी आहे. भांडुपला राहते, नोकरीची सगळी वर्षं फोर्टात गेली. खाली लिहिते आहे ते कुठल्याही धर्माच्या, पंथाच्या माणसाला लागू व्हावं अशा बेताने लिहिते आहे.

मुंबईची एक अडचण आधी नीट समजून घ्या. गावात पारावर कीर्तन चाललंय आणि ऐकायचं नाही, तर माणूस घरी जातो. इथे सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याहून दादरपर्यंत हात वर करता येत नाही, जाणार कुठे? चाळीच्या खोलीत, लिफ्टमध्ये, ऑफिसच्या क्युबिकलमध्ये माणूस माणसाला चिकटून राहतो. म्हणून तोंड उघडण्याआधी मनात एकच प्रश्न विचारायचा: मी बोलायला लागले आणि यांना ऐकायचं नसेल, तर यांना उठून जाता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो विषय तिथे काढायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाच्या पोटात आहेत.

पहिली पायरी: आधी थोडं थांबा

सुरुवातीच्या दिवसांत आपण जे बोलतो ते आपलं नसतं. गुरुजींचं, फादरांचं, प्रवचनात ऐकलेलं वाक्य आपण जसंच्या तसं पुढे सरकवत असतो. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण आपला नेहमीचा आवाज बदललेला असतो.

एक सोपी चाचणी सांगते. आपल्यात काय बदल झाला ते पाच ओळींत वहीत लिहा, पण ‘कृपा’, ‘ऊर्जा’, ‘प्रारब्ध’, ‘साक्षात्कार’, ‘आशीर्वाद’ असे शब्द न वापरता. ‘पूर्वी रात्री अडीचला जाग यायची, आता येत नाही.’ ‘सासूबाईंशी बोलताना आवाज चढत नाही.’ अशा ओळी जमल्या तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. नाही जमल्या तर उपासना चालू ठेवा, सांगणं पुढे कधीतरी.

दुसरी पायरी: जागा आणि माणूस पाहा

लोकलमधल्या भजनी मंडळांवर माझं प्रेम आहे. कर्जत-कसाऱ्याहून रोज येणारा माणूस टाळ घेऊन दीड तास देवाचं नाव घेतो, ही या शहराची कमाई आहे. पण ज्या मंडळांचा डबा ठरलेला असतो, त्यांचं बरं चालतं. ज्याला ऐकायचंय तो त्या डब्यात चढतो, ज्याला झोपायचंय तो पुढचा डबा धरतो. वैयक्तिक बोलतानाही हेच पाहा. उभ्या प्रवाशाच्या हातात पत्रक कोंबणं, खिडकीत बसलेल्या बाईला ‘ताई, तुम्ही फार टेन्शनमध्ये दिसताय’ म्हणून सुरुवात करणं, हे नको.

ज्यांच्यावर आपला काही जोर चालतो, त्यांच्याशी तर फारच सांभाळून. घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘गुरुवारी सत्संगाला या’ म्हटलंत, तर तुमच्या दृष्टीने ते आमंत्रण असेल; महिन्याचा पगार तुमच्या हातून घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो हुकूम असतो. त्या येतील, मागच्या रांगेत बसतील, आणि तुम्हाला वाटेल त्यांना गोडी लागली. हाताखालचा ज्युनिअर, सोसायटीचा वॉचमन, तुमच्याकडे शिकवणीला येणारी मुलं, सगळे याच यादीत. मुलांच्या बाबतीत राज्यघटनेने रेघच ओढून ठेवली आहे. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. घरच्या शिकवणीला हे कलम लागू नसेल, पण माप हेच ठेवावं. दुसऱ्याच्या मुलाला शुभंकरोति शिकवायची असली तरी आधी त्याच्या आईला विचारावं.

आणि रुग्णालय. परळला टाटा मेमोरियलच्या बाहेरच्या फुटपाथवर देशभरातून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं बसलेली असतात. तिथे जेवण घेऊन जाणारे पुष्कळ आहेत, त्यातले बरेच श्रद्धाळू आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. माझी त्यांना एकच विनंती असते: डब्याबरोबर पत्रक देऊ नका. केमोने गळून गेलेल्या मुलाचा बाप त्या क्षणी कशालाही हो म्हणेल. ताईत बांधेल, पाणी पिईल, प्रार्थनेला गुडघे टेकेल. तो हो त्याचा नसतो. पोळी-भाजी द्या, रक्ताची सोय बघा, रात्री राहायला जागा शोधून द्या. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. खुद्द गाडगेबाबा गावात गेले की आधी झाडू घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. क्रम तोच ठेवा. पेशंट स्वतः म्हणाला की ‘माझ्यासाठी दोन शब्द म्हणा’, तर हात धरून जरूर म्हणा, त्याच्या भाषेत, थोडक्यात.

ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय तिथे तत्त्वज्ञान नको. तरुण मुलगा गेलेल्या आईला ‘मागच्या जन्माचं देणं होतं’ किंवा ‘देवाला चांगली माणसं आधी लागतात’ असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मनात खोट नव्हती त्यांच्या, पण त्या आईच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहायला हवं होतं. अशा घरी चहा टाकावा, भांडी घासावीत, फोन घ्यावेत.

तिसरी पायरी: दिसू द्या, विचारू द्या

आपली श्रद्धा लपवून ठेवावी असं मी म्हणत नाही. उलट ती दिसू द्यावी. पूर्वी कोकणपट्टीतल्या गावांत तेल गाळणारे बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. सबाथ म्हणजे काय हे त्यांना घरोघर जाऊन सांगावं लागलं नाही. आठवड्याचा एक दिवस घाणा फिरत नाही, हे अख्ख्या गावाला दिसत होतं.

माळकरी बाईच्या बाबतीत मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला असतो, तोही जेवणाच्या टेबलावर. आमच्या ऑफिसात मालवणकडची एक मैत्रीण होती. माझ्या गळ्यात तुळशीची माळ दिसली त्या दिवशी तिच्या डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. तिने झाकण अर्धं उघडून तसंच धरलं.

“अगं, माळ घातलीस? म्हणजे आता आमच्या पंगतीतून गेलीस?”

“पंगतीत आहे. बांगडा फक्त तुझ्या ताटात.”

“वास चालेल ना पण?”

“चालेल. उघड आता, गार होतंय.”

त्या दिवशी एवढंच झालं. ती निर्धास्त झाली की तिचं जेवण माझ्या नियमाखाली येणार नाही. पुढे कधीतरी, पावसाने गाड्या बंद पडून आम्ही ऑफिसातच अडकलो असताना, तिनेच विचारलं की सोडलंस कशाला. मी म्हटलं, “वारीला जाऊन आले. परत आल्यावर वाटलं, रोज आठवण राहील असं काहीतरी अंगावर असावं. खाण्याचे नियम त्याच्याबरोबर येतात, ते घेतले.” मग तिने वारीबद्दल विचारलं आणि आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. पहिल्याच दिवशी मी तिला अहिंसा समजावून सांगितली असती तर पावसाच्या त्या संध्याकाळी तिने विचारलंच नसतं.

एक सावधगिरीची गोष्ट. मुंबईकर दुसऱ्याच्या देवालाही सहज हात जोडतो. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला सगळ्या धर्मांचे लोक येतात, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात, माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उरुसात पोलिसांची चादर मानाची असते. हे या शहराचं वळण आहे. तेव्हा तुमच्या प्रार्थनास्थळी कुणी भक्तिभावाने डोळे मिटले म्हणजे तो तुमच्या मार्गाला लागला, असा अर्थ काढू नका. त्याच्याकडे त्याचा देव आहे.

चौथी पायरी: विचारलं की कसं सांगायचं

थोडक्यात सांगा. दोन-तीन मिनिटं बोलून थांबा. त्याला आणखी ऐकायचं असेल तर पुढचा प्रश्न येतो, नसेल तर विषय आपोआप बदलतो. तो बदलू द्या.

‘मी’ने सुरू होणारी वाक्यं वापरा. ‘मला नामस्मरणाने धीर आला’ यावर कुणी वाद घालत नाही. ‘तूही नाम घे, तुझं बीपी खाली येईल’ म्हटलं की आपण त्याच्या आयुष्यात न विचारता हात घातला. ‘तुमच्यात ते अमुक असतं ना, ते चुकीचं आहे’ हे तर कधीच नको. आपला देव मोठा करायला दुसऱ्याचा लहान करावा लागत नाही.

आजार, नोकरी, लग्न, मूल यांची खात्री देऊ नका. असं वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि काही ठिकाणी कायदाही आड येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्कार करून दाखवून पैसे मिळवणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला औषधोपचार घेऊ न देता मंत्र-तंत्र करणं, हे त्यात गुन्हे आहेत. कुणी तुमच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करायला निघालं तर तिथल्या तिथे थांबवा आणि डॉक्टरकडे पाठवा.

ज्या गोष्टी अवघड आहेत त्याही सांगा. विपश्यनेत दहा दिवस बोलायचं नाही, फोन जमा करायचा, पहाटे चारला उठायचं. माळ घातली की मांसमच्छी, दारू बंद. जैन मित्राबरोबर चौविहार करायचा तर सूर्यास्तानंतर पाणीही नाही. गोड तेवढं सांगून माणसाला नेलं आणि अटी तिथे कळल्या, तर फसवल्यासारखं होतं. तुमचे स्वतःचे न सुटलेले प्रश्न असतील तर तेही सांगायला हरकत नाही. ‘हे मलाही अजून कळलं नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाचं बाकीचं बोलणं लोक जास्त विश्वासाने ऐकतात.

आणि मग त्याला विचारा: तुमच्याकडे काय करतात? आजी काय म्हणायची? हे विचारून खरोखर ऐका. आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकलेलं समोरच्याला कळतं.

पाचवी पायरी: बोलावणं

घरच्या गणपतीला, ईदच्या शीरखुर्म्याला, नाताळच्या कुस्वारला म्हणजे फराळाला एकमेकांना बोलावणं हा श्रद्धा दाखवण्याचा सगळ्यात मोकळा मार्ग आहे. फक्त येणाऱ्याला आधीच सगळं सांगून ठेवा. चपला कुठे काढायच्या, डोकं झाकायचं का, किती वेळ लागेल, हात जोडावेच लागतात का. मुस्लिम किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याला ‘आरती साडेसातला आहे, त्याआधी या किंवा नंतर या, तुम्हाला बरं पडेल तसं’ असं म्हटलं की त्यांचा मोठा पेच सुटतो. काही जण नैवेद्य दाखवलेलं खात नाहीत. त्यांच्यासाठी करंज्या, चिवडा आधीच वेगळा काढून ठेवा आणि देताना त्याची वाच्यता करू नका. जैन शेजाऱ्यांना कांदा-लसूण आणि कंदमुळं नकोत, वेळही संध्याकाळच्या आतली ठेवा. कुणी प्रसाद हातात घेऊन पिशवीत ठेवला तर ‘इथेच खा ना’ म्हणू नये.

उलट बाजूही सांभाळावी लागते. पारशी मित्राला ‘आग्यारी आतून दाखव ना’ असं म्हणू नका. तिथे पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, आणि दर वेळी नाही म्हणताना त्यालाच अवघडल्यासारखं होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलात तर रांगेत उभे राहा, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबा, लोकांशी बोला. तो दिवस दूरदूरच्या गावांतून आलेल्या त्या माणसांचा आहे, आपलं काही सांगायचा नाही.

घरातल्या घरात

ही पायरी सगळ्यात अवघड. बाहेरच्याशी आपण निदान सभ्यपणे वागतो. घरात नवऱ्याच्या ताटात वाढता वाढता, मुलाच्या अभ्यासाच्या मध्ये, सुनेच्या स्वयंपाकघरात आपले नवे नियम शिरतात. घरच्यांना आधी सांगा, बाहेरून कळू देऊ नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेनंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले. त्या काळात त्या माउलीने काय सोसलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे लक्ष्मीबाईंनीही तो धर्म घेतला, पण स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेला.

घरात व्यवहाराचं बोला. उपवासाच्या दिवशी बाकीच्यांचं जेवण कोण करणार? घरात मासे शिजतील की नाही? सत्संगाला द्यायचे पैसे कुठून येणार? रविवार सकाळ कुणाची? एवढी चार उत्तरं मिळून ठरवली तर श्रद्धेवरून फारशी भांडणं उरत नाहीत. माझ्याकडे मासे शिजतात. कढई वेगळी आहे, ओटा तोच आहे. मुलांना बरोबर न्यायचं असेल तर दोघांनी मिळून ठरवावं, आणि मोठ्या झालेल्या मुलाने नको म्हटलं तर नको.

ग्रुपवर

शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धार्मिक संदेश टाकू नका. सणाच्या शुभेच्छा पुरेत. ‘अकरा जणांना पाठवा नाहीतर’ असलं काही आलं तर ते तुमच्यापाशीच संपू द्या. धाक घालून पसरवलेली भक्ती कुठल्याही संताला चालली नसती.

कायदा एवढा माहीत असावा

घटनेचं कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता. म्हणजे सांगणं हा आपला हक्क आहे. मात्र १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९९ हे जाणूनबुजून, दुष्ट हेतूने कुणाच्या धर्माचा अपमान करण्याबद्दल आहे, आणि कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलण्याबद्दल. काही सवलतीचे दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. सोसायटीच्या गच्चीवर सत्यनारायण किंवा प्रार्थनासभा ठेवायची तर कमिटीची परवानगी लेखी घ्या.

‘नको’ म्हटलं तर

‘बरं’ म्हणा आणि पुढच्या वेळी भेटाल तेव्हा नेहमीसारखे वागा. दुसऱ्या वेळी पुन्हा तोच विषय, तिसऱ्या वेळी पुस्तक, चौथ्या वेळी ‘सहज जाता जाता’ म्हणून प्रवचनाला नेणं, असं केलंत तर माणूस तुम्हाला पाहून रस्ता बदलतो. नास्तिक मित्रांच्या बाबतीत तर हे विशेष. त्यांनी आपल्याइतकाच, कधी आपल्याहून जास्त विचार केलेला असतो. या मुंबईत १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज आणि १८७५ मध्ये गिरगावात आर्य समाज स्थापन झाला. धर्मावर खडाजंगी करण्याची इथली परंपरा जुनी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण किनाऱ्यावर ऐकायला येणारा आपल्या पायांनी येत होता आणि कंटाळला की घरी जात होता. वाद घालायचाच तर तसा जाहीर घाला, दोघांच्या मर्जीने. मित्राच्या घरी जेवणाच्या ताटावर नको.

आणि कुणी ‘मला यायचंय’ म्हटलं तर

घाई करू नका, करू देऊ नका. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि धम्मदीक्षा घेतली १९५६ मध्ये, नागपूरला. मधल्या २१ वर्षांत त्यांना आपल्याकडे बोलावणारे अनेक होते. ते अभ्यास करत राहिले आणि आपल्या वेळेला निर्णय घेतला. तुमच्या मैत्रिणीला तीन आठवड्यांत गुरुमंत्र घ्यायची गरज नाही. एखाद्या मोठ्या धक्क्यातून, घटस्फोटातून, नोकरी जाण्यातून ती नुकती बाहेर येत असेल, तर तिला आधी सावरू द्या. घरी सांगितलंय का ते विचारा. पैशाचा विषय कुठे, कधी निघतो ते आधीच सांगून टाका.

पहिल्या वेळी तिच्याबरोबर जा. तिला पुढे नेऊन कुणाच्या पाया पडायला लावू नका, ‘ही माझी मैत्रीण, हिला फार इच्छा आहे’ अशी सगळ्यांशी ओळखही करून देऊ नका. दाराजवळ, मागे बसा, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर तिला उठता येईल. आणि परतताना स्टेशनपर्यंत चालत असाल तेव्हा ‘कसं वाटलं?’ असं लगेच विचारू नका. गाडी किती वाजताची आहे ते विचारा. बोलायचं असेल तर ती बोलेल.